मदत हवी आहे: रात्रपाळीच्या कामगारांचे शौचाचे नमुने उन्हाळ्यात कसे टिकवायचे?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातल्या ४५ ते ६० वयाच्या ३५ कामगारांची मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी प्राथमिक तपासणी करायची आहे. पाळी १२ तासांची, दर आठवड्याला बदलणारी. बरेच जण रात्रपाळी सुटली की सकाळीच दारू घेऊन झोपतात, आणि खरी काळजी या जोडीचीच आहे. दारूपासून आतड्यात ॲसिटाल्डिहाइड बनतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. शरीराचं घड्याळ बिघडलं की आतड्याचं अस्तर दारूपुढे आणखी कमजोर पडतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

आधी शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी ग्वायक कार्डं वापरली. मटणामुळे खोटे पॉझिटिव्ह, व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांमुळे खोटे निगेटिव्ह. तीन दिवसांचं पथ्य कुणालाच जमेना. म्हणून आता फिट (FIT) चाचणीच्या नळ्या आणल्यात; ही चाचणी शौचात माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन शोधते. एकच नमुना, पथ्य नाही. पण उष्णतेत हिमोग्लोबिन विघटित होतं, म्हणजे रक्त असूनही निकाल निगेटिव्ह! मे महिन्यात बाहेर ४२ अंश, पत्र्याखाली त्याहून जास्त. नमुने सकाळी ८ला जमतात, लॅबची गाडी संध्याकाळी ५ला येते. कारखान्यात फ्रीज नाही.

शौचातून रक्त, वजन घटणं किंवा घरात आतड्याचा कॅन्सर असलेल्यांना थेट कोलोनोस्कोपीला पाठवलंय, ते या ३५ जणांत नाहीत.

थर्मोकोलच्या पेटीत जेल पॅक ठेवून नमुने न गोठवता ९ तास २ ते ८ अंशांत राहतात का, कुणी थर्मामीटर लावून पाहिलंय? पॅक किती आणि कधी बदलायचे? की तपासणी सरळ डिसेंबरवर ढकलावी?