काडतूस ओळखायला मदत हवी आहे (बुडाला चुंबक चिकटतंय, नकली आहे का?)

तांबेपितळ (धागाकर्ता):
जरा लवकर सांगा, डबा परत करायची मुदत परवा संपतेय. जुन्या लष्करी बिल्ल्यांचा डबा घेतला होता, तळाशी हे एक काडतूस निघालं. विकणारा म्हणतो रायफलचं आहे, फार जुनं. पितळी आहे, बुडावर एक अक्षर नाही. आणि बुडाला चुंबक चिकटतं! पितळाला चुंबक कसं चिकटेल? म्हणजे नकलीच ना? कोणत्या रायफलचं तेवढं सांगा. फोटो चढत नाहीये.

शंखनाद:
.३०३ रायफलचं. डोळे मिटून सांगतो. आयुष्यात हजारो हाताळलीत.

घोडा_दाबू_नका:
डोळे उघडून सांगायचं तर मापं लागतील. बुडाच्या कडेचा व्यास, पुंगळीची (गोळीमागच्या पितळी नळीची) लांबी, गोळीचा व्यास. पुंगळी नळीसारखी सरळ आहे की बाटलीसारखी? आणि त्याआधी हे सांगा, टोपीवर (बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर) ठोका पडलेला आहे का?

तांबेपितळ:
ठोका नाही. लांबी ७९ मिमी. हलवून पाहिलं, आवाज येत नाही, म्हणजे रिकामं आहे.

शंखनाद:
.३०३ ची लांबी ७८. एक मिलिमीटर तुमच्या पट्टीने खाल्ला. विषय संपला.

जुनी_वही:
काडतुसांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. १८५७ ला ज्या काडतुसांवरून भडका उडाला ती कागदी होती. आत दारू आणि गोळी, टोक दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची. चरबीचा प्रश्न त्या कागदाच्या वंगणाचा होता. एनफिल्ड १८५३ ची बंदूक. तेव्हा धाग्यातलं काडतूस पितळी असेल तर ते १८५७ चं नाही.

अर्धवट:
ते १८५७ चं आहे असं म्हणालं कोण?

जुनी_वही:
कोणी म्हणायच्या आत सांगून ठेवलं.

घोडा_दाबू_नका:
तांबेपितळ, ७९ हे गोळीसकट की नुसत्या पुंगळीचं? मिलिमीटरमधल्या नावात पुंगळीची लांबी असते. ७.९२×५७ म्हणजे पुंगळी ५७ मिमी. गोळीसकट मोजून सगळे इथेच फसतात. शिवाय आवाज येत नाही म्हणजे रिकामं, असं मुळीच नाही. दारू ठासून भरलेली असली, वर मेणाची चकती असली, तर काय वाजणार? कोरडी राहिलेली बंदुकीची दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते. ठोका नाही म्हणजे जिवंत समजा. हलवणं बंद करा.

चकचकीत:
पितळ काळं पडलं असेल तर पॉलिश लावून मऊ फडक्याने घासा, सोन्यासारखं होतं. माझी सगळी समई-घंटी तशीच ठेवलीय.

घोडा_दाबू_नका:
अजिबात नको! बऱ्याच पितळ-पॉलिशमध्ये अमोनिया असतो, आणि ताण असलेल्या पितळाला त्याने तडे जातात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची इथली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली जायची आणि आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया! कारण नीट उलगडायला १९२१ उजाडलं. जुनं पितळ काळंच शोभतं, संग्राहकालाही तसंच हवं असतं.

चकचकीत:
समईला काही होत नाही पण. मी वीस वर्षं घासतेय.

पंचेचाळीस_सत्तर:
अक्षर नाही म्हणता? मग अमेरिकन .४५-७० गव्हर्नमेंट काडतूस तपासा. फ्रँकफर्ड आर्सेनल या तिथल्या लष्करी कारखान्याने बुडावर ठसे मारायला १८७७ मध्ये सुरुवात केली, आधीची कोरी असतात. आतून टोपी बसवलेली, बाहेरून टोपी दिसतच नाही. माझ्याकडे चार आहेत. यावर लेखमाला लिहायचा विचार आहे.

अर्धवट:
त्यांच्या काडतुसाला टोपी दिसतेय ना? ठोका नाही म्हणाले ते.

तांबेपितळ:
सगळे आपलंच चालवताय. घ्या, मापं: बुडाची कडा १९ मिमी, गोळी साधारण साडेअकरा, ७९ गोळीसकट, पुंगळी ५९ च्या आसपास. टोपी मधोमध आहे. बाटलीसारखी आहे हे उघडच आहे, रायफलचं म्हणालो की! अंग गुळगुळीत नाही, पत्रा गुंडाळल्यासारखं, मानेपाशी चुण्या आहेत. गोळीवर कुणीतरी पांढरा कागद चिकटवलाय, तो सोलायला घेतलाय.

घोडा_दाबू_नका:
थांबा!! कागद सोलू नका. तो मूळचाच आहे.
हे ब्रिटिश मार्टिनी-हेन्री रायफलचं काडतूस, .५७७/४५०, गुंडाळलेल्या पत्र्याचं. बॉक्सर पद्धत म्हणतात. पातळ पितळी पत्रा गुंडाळून अंग करायचं आणि खाली लोखंडी चकती बसवायची. म्हणून चुंबक चिकटतं. नकली असल्याची खूण समजलात, तीच अस्सलपणाची खूण निघाली! रायफल १८७१ ची. गोळी ४८० ग्रेन म्हणजे ३१ ग्रॅम शिसं, दारू ८५ ग्रेन. शिसं नळीला चिकटू नये म्हणून गोळीभोवती कागद. सुरुवातीच्या काडतुसांवर ठसा नसणंही नेहमीचंच.
.३०३ ची कडा साधारण पावणेचौदा मिमी आणि गोळी आठाला थोडी कमी. शंखनादराव, एकूण लांबी जुळली तेवढ्यावर सोयरीक जमत नाही.

शंखनाद:
मी फक्त लांबीवरून बोललो होतो. कडा आधी कुणी सांगितली?

पंचेचाळीस_सत्तर:
स्नायडर रायफलचं का नाही? तीही बॉक्सरचीच, तिलाही लोखंडी चकती.

घोडा_दाबू_नका:
चांगली शंका. पण स्नायडरची पुंगळी सरळ, खांदा नाही, आणि गोळी साडेचौदा मिमीच्या घरातली. इथे मान आहे. हे गुंडाळलेलं अंग तापलेल्या, काजळी धरलेल्या नळीत फसायचं, पुंगळी बाहेर ओढताना बूड तुटून हातात यायचं. १८८५ च्या सुदान मोहिमेत त्यावरून फार ओरड झाली आणि पुढे अखंड पितळी पुंगळी आली. म्हणून गुंडाळलेली धड अवस्थेत मिळणं भाग्याचं. गंमत म्हणजे टोपीच्या दोन पद्धती ज्यांच्या नावाच्या, त्यातला बॉक्सर इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण आज बॉक्सरची टोपी अमेरिकेत रूढ आणि बर्डनची युरोपात.

जुनी_वही:
म्हणजे १८५७ चं नाही, हे माझं बरोबरच होतं.

तांबेपितळ:
बरं, पण मग परत करू की ठेवू? आत दारू असेल तर भोक पाडून काढून टाकतो, मग शोभेला ठेवता येईल.

घोडा_दाबू_नका:
भोक पाडायचं नाही, ठोकायचं नाही, गोळी ओढायची नाही, तापवायचं नाही. हा घरचा उद्योग नव्हे. बऱ्याच देशांत जिवंत काडतूस परवान्याशिवाय बाळगणं हाच गुन्हा आहे, म्हणून टपालाने परत पाठवणं तर अजिबातच नको. आहे तिथेच ठेवा आणि पोलिसांना फोन करून विचारा. ते म्हणतील तेच करा, मग काडतूस गेलं तरी चालेल.

अर्धवट:
+१. आणि डबा घरातल्या पोरांपासून लांब.

तांबेपितळ:
ठीक आहे, उद्या फोन करतो. कागद थोडा फाटलाय, कोपऱ्यापुरताच. डिंक लावू का?

घोडा_दाबू_नका:
हात लावू नका म्हटलं ना!

चकचकीत:
डिंकापेक्षा खळ बरी.