सणातल्या कहाण्या: कुंडे, हलवा, पंजे... तुम्ही काय काय ऐकलंय?

परवा आईशी बोलताना सत्यनारायणाचा विषय निघाला आणि मला एकदम मिरजेतल्या शेजारच्या खाला (मावशी) आठवल्या. भिंतीला भिंत लागून घर. रजब या इस्लामी महिन्याच्या २२ तारखेला त्यांच्याकडे कुंडे असायचे, म्हणजे मातीच्या कोऱ्या भांड्यांत खीर-पुऱ्या भरून इमाम जाफर सादिक यांच्या नावाने फातेहा (कुराणातली प्रार्थना). आधी लाकूडतोड्याची गोष्ट वाचायची. तो पोटासाठी परमुलखात, बायको वजिराच्या वाड्यात झाडलोट करते, ती कुंड्याची मन्नत मानते आणि त्याला तिकडे पुरलेला खजिना सापडतो. वजिराची बायको म्हणते छे, असं कुठं असतं, की झालं, वजिरी गेली आणि रुमालात बांधलेल्या खरबुजाच्या जागी राजपुत्राचं मुंडकं! मी सहावीत, म्हटलं अरे हे तर प्रसाद न घेता पळाली म्हणून कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडाली तसंच की.

खीर तिथंच बसून खायची, उंबऱ्याबाहेर न्यायची नाही. भाऊ तापाने पडलेला म्हणून वाटीत मागितली तर खाला म्हणाल्या, "शाल गुंडाळ आणि त्यालाच घेऊन ये." आणला!

तुम्हीपण लिहा. खरं-खोटं हा वाद इथे नको प्लीज.

*

वाद नको म्हणताय पण आमच्या घरात त्याशिवाय शबे-बरात होतच नाही :) अम्मीची गोष्ट अशी की उहुदच्या लढाईत पैगंबरांचा दात शहीद झाला, हे येमेनमधल्या उवैस करनींना कळलं, पण नेमका कुठला दात ते कळेना म्हणून त्यांनी स्वतःचे सगळेच पाडले, मग चावता येईना म्हणून हलवा. भाऊ दरवर्षी म्हणणार की उहुद शव्वालमध्ये, शबे-बरात शाबानमध्ये, मेळ कसा बसतो? अम्मी म्हणते नको खाऊस तू. चणाडाळीच्या हलव्याच्या कडेच्या वड्या सगळ्यात आधी तोच उचलतो.

दादी म्हणायची शबे-बरातच्या रात्री घरातले गेलेले लोक दारात येऊन बघून जातात. अब्बा यावर हसायचे. दादी गेली त्या वर्षी पॅसेजमधला लाईट त्यांनी रात्रभर बंद करू दिला नाही.

*

सातारा जिल्हा, आम्ही मराठा. आजीने नवस बोललेला म्हणून मला मोहरमात फकीर केलेलं, गळ्यात नाडा, खांद्याला झोळी, पाच घरं मागायची. लाज वाटायची, पण झोळीत चोंगे (गोड रोट) पडायचे ते भारी लागायचे. पंजे (मोहरमातली हाताच्या आकाराची निशाणं) बसले की दहा दिवस आजी बाजेवर झोपायची नाही. का, तर पैगंबरांचे नातू हसन-हुसेन तहानेनं गेले आणि आपण बाजेवर लोळायचं? करबलाच्या लढाईत हुसेन होते, हसन त्याआधीच गेलेले, हे मला कॉलेजात कळलं, पण आजीला दोघं एकत्रच पाहिजेत, राम-लक्ष्मणासारखे. पंज्यांची सवारी अलाव्यावरून (निखाऱ्यांच्या खड्ड्यावरून) जाताना ती पदर पसरून उभी, धुराने डोळे लाल, आणि आम्हाला सांगायची रडतेय म्हणून.

*

तेरातेजी कुणाला माहितीये का? सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस जड म्हणून आमच्याकडे रात्री उशाशी अंडी आणि तेल ठेवायचे, सकाळी सदका, म्हणजे दान. एका वर्षी मी झोपेत अंडं फोडलं. बला टळली म्हणे, पण गादी मीच धुतली.

*

कुंड्यांवरून, आमच्याकडे खीर खाल्लेल्या हाताचं पाणीही मोरीत सोडत नाहीत, बेअदबी होते, मातीत ओतायचं. चौथ्या मजल्यावर माती कुठली, म्हणून बाल्कनीतला मोगरा. दुसऱ्या दिवशी कुंडीला मुंग्यांची ही रांग.