पुस्तकातलं 'वेगळं' मूल सणापुरतंच का येतं?

मृण्मयी_वाचते (धागाकर्ती)

आमच्या वसाहतीत मुलांसाठी छोटं वाचनालय चालवते. खरेदीची वेळ आली की आमच्यात हमखास वाद होतो, तो इथे मांडते.

'वेगवेगळ्या संस्कृतींची पुस्तकं घेऊ या' म्हटलं की बहुतेक पालकांना जपान आणि आफ्रिका आठवतात. 'तोत्तोचान' ही जपानी शाळकरी मुलीची गोष्ट तर हवंच. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी घरांत रुजलं आणि मला ते फार प्रिय आहे. पण त्याच कपाटात मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी सापडत नाही. मेळघाटातला कोरकू आदिवासी मुलगा नाही, आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी आणि त्यापायी शाळा बुडणारी पोरं नाहीत. क्वचित असलीच तर सणापुरती, नाहीतर दुःखापुरती. सलमा शीरखुर्म्याचा डबा घेऊन येते, नायिकेला एकोप्याचा धडा देते आणि पुढच्या पानावर गायब होते.

म्हणून मी पुस्तक चाळताना एकच बघते: या मुलाच्या वाट्याला एखादा साधा मंगळवार आलाय का? ते भांडतं का, थापा मारतं का, गोष्टीतलं कोडं स्वतः सोडवतं का? तसं नसेल, तर चित्रं कितीही सुंदर असोत, मी ते पुस्तक मागे ठेवते. तुमचं काय मत?

जुना_किशोर

असहमत, आणि कळकळीने असहमत. मी परभणीत 'किशोर' मासिकाचे अंक वाचत वाढलो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा. तो मला कधी परका वाटला नाही. गोष्ट चांगली असली की मूल कुणाच्याही कातडीत शिरतं. तुम्ही मात्र पुस्तकाला आधी जात, धर्म, जिल्हा विचारताय. अशा चाळणीतून जे उरतं ते बहुधा उपदेशपर आणि कंटाळवाणं असतं. आधीच मराठी वाचणारी मुलं कमी होताहेत, त्यात त्यांच्या हाती अभ्यासक्रम कशाला द्यायचा?

मिरजवाली

दादा, तुम्हाला फास्टर फेणे परका वाटला नाही, कारण त्याच्या घरात जे बोलतात, जे खातात, जे सण करतात तेच तुमच्याही घरात होतं. फरक होता तो फक्त गावाचा. माझ्या मुलीला प्रत्येक गोष्टीत हे अंतर एकटीने तोडावं लागतं. ती तोडते, तिला वाचायला आवडतं. पण उलट बाजूने कुणी चालत येत नाही, ही माझी तक्रार आहे.

मात्र मृण्मयीताई, तुमचंही पूर्ण पटलं नाही. ईदची गोष्ट नकोच असं कसं म्हणता? नीट लिहिलेली ईद मराठीत आहे कुठे? चाँदरातची बाजारातली धांदल, नव्या कपड्यांवरून भावंडांची भांडणं, ईदीच्या पैशांचे हिशेब, हे सगळं आमच्या साध्या दिवसांइतकंच खरं आहे. आणि नुसतं 'मीना'च्या जागी 'आयेशा' लिहिलेल्या गोष्टी तर मला जास्त खटकतात. घर तेच, आईची हाक तीच, फक्त नाव बदललेलं.

मृण्मयी_वाचते

@मिरजवाली, मान्य. सणाला विरोध नाही. वर्षभर न दिसता एकाच दिवशी दिसण्याला आहे.

@जुना_किशोर, ही चाळणी मी काढलेली नाही. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारलं होतं की पुस्तकात नेहमी गोरीच मुलं का असतात. तो प्रश्न सांगून अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ मध्ये लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी तपासली. एक तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं ६.७ टक्के निघाली. पुढे १९९० मध्ये बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी मांडलं की मुलाला पुस्तकात आरसाही हवा, म्हणजे स्वतःसारखं आयुष्य, आणि खिडकीही, म्हणजे दुसऱ्यांचं. त्यांचा दुसरा मुद्दा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. ज्या मुलांना सगळीकडे आरसेच मिळतात, त्यांचंही नुकसान होतं, कारण जग आपल्यापुरतंच आहे असं त्यांना वाटू लागतं. आमच्या वसाहतीतली मुलं नेमकी ही आहेत.

डहाणू_शाळा

आश्रमशाळेत शिकवतो. आमच्याकडे प्रश्न याच्याही अलीकडे सुरू होतो. पहिलीतलं पोर घरी वारली बोलतं आणि पुस्तक पुणेरी मराठीत. पानाला किनार वारली चित्रांची, आणि गोष्ट बंगल्यातल्या वाढदिवसाची! शहरातल्या मुलांना खिडकी मिळावी म्हणून आमची पोरं पुस्तकात यावीत, हा हेतू चांगला असेल. पण आधी पुस्तक आमच्या पोरांच्या हातात पडू द्या.

आम्ही सध्या प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे बालगोष्टींचं संकेतस्थळ वापरतो. २०१५ पासून सुरू आहे, मोफत आहे, आणि परवाना खुला असल्याने गोष्ट आपल्या बोलीत करून छापता येते. मोठी मुलं अनुवाद करतात, धाकट्यांना वाचून दाखवतात. एखादा शब्द चुकला की धाकटीच ओरडतात, 'आमच्याकडे असं म्हणत नाहीत!' हे मराठी पुस्तकाच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

एडिसनची_आई

न्यू जर्सीहून. इथल्या ग्रंथालयात अशा पुस्तकांची वेगळी फळी असते. त्यातली भारतीय मुलगी बरेचदा दिवाळीत दिवे लावते, नाहीतर डब्यातल्या भाजीच्या वासाने वर्गात लाजते. त्यामुळे सणापुरतं दिसणं म्हणजे काय हे आम्हालाही ठाऊक आहे. २०१४ मध्ये इथे 'वी नीड डायव्हर्स बुक्स' (आम्हाला वैविध्य असलेली पुस्तकं हवीत) ही चळवळ उभी राहिली, त्यानंतर निवड वाढली. तरी मुलाने स्वतः उचललेलं पुस्तक मी काढून घेत नाही. निवडीचा अर्धा हक्क त्याचा.

जुना_किशोर

मोठ्या मुलांचं काय करणार? तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना दलित आत्मकथनं द्यावीत असं हल्ली सुचवलं जातं. दया पवारांचं 'बलुतं' मोठं पुस्तक आहे, पण ते मुलांसाठी लिहिलेलं नाही. भूक, अपमान, हिंसा यांना थोडं थांबू द्या. बालपण परत मिळत नाही.

नांदेडची_वाचक

कुणाचं बालपण? मला वर्गात आडनाव विचारलं गेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. जात चौदाव्या वर्षापर्यंत थांबत नाही. ती थांबते फक्त ज्यांना तिचा चटका बसत नाही त्यांच्यासाठी.

'बलुतं' तेराव्या वर्षी नको, हे मलाही मान्य. पण मधल्या पायऱ्या आहेत ना! प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' घ्या. पोरक्या मुलाची शिकण्यासाठीची धडपड आहे ती, छोट्या छोट्या आठवणींत सांगितलेली. नववीतल्या मुलाला ती झेपते. 'भीमायन' घ्या. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं हे चित्रमय पुस्तक दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी चितारलंय. नेहमीच्या चित्रकथांसारख्या चौकटी त्यात नाहीत. माणसं, पक्षी, पाणी सगळं पानभर वाहत जातं. पाणी नाकारलं गेलेल्या लहानग्या भीमाची तहान तिथे चित्रातूनच कळते. यात उपदेश कुठे आहे, मला दाखवा.

आणि दुःखापुरतं दिसणं नको हे धागाकर्तीचं म्हणणं बरोबर आहे, पण त्याचा अर्थ दुःख लपवणं असा होऊ नये. सोनकांबळ्यांचं पोर उपाशी आहे, तसंच हट्टी आणि हुशारही आहे. माझी कसोटी तीच.

मृण्मयी_वाचते

ही कसोटी माझ्या मंगळवारापेक्षा चांगली आहे. 'आठवणींचे पक्षी'च्या दोन प्रती मागवते, चौदाच्या पुढच्यांसाठी. @डहाणू_शाळा, तुमच्या मुलांनी केलेले अनुवाद आम्हाला छापून मिळतील का? सोबत मराठी मजकूर असेल तर आमची मुलं वारलीही वाचून बघतील. खर्च आम्ही देऊ.

डहाणू_शाळा

मिळतील. पण आधी मुलांना विचारतो, पुस्तकं त्यांची आहेत.

जुना_किशोर

जरूर घ्या. माझं म्हणणं बदललेलं नाही, तरी 'आठवणींचे पक्षी' मीही वाचेन. एक विनंती: अशा पुस्तकांसाठी वेगळी फळी करू नका, वर 'दलित', 'आदिवासी' अशा चिठ्ठ्याही चिकटवू नका. फास्टर फेणेच्या शेजारी ठेवा. साहसकथा शोधायला आलेल्या मुलाच्या हाताला ती लागू देत.