वडाची पानं गळताहेत, माती मात्र ओलीच

डोंबिवलीची बाल्कनी:
बाबांनी 2013 साली लावलेला वडाचा बोन्साय आता माझ्याकडे आहे. पंधरा दिवस झाले, पानं पिवळी पडून गळताहेत, उरलेली मलूल. तहानला असेल म्हणून मी दोन वेळ पाणी घालत गेले. काल बोट खुपसलं तर खाली चिखल, वास गटारासारखा. कडेला पांढरं काहीतरी दिसतंय. ऐन पावसाळ्यात काढून बघू का?

कुंडीवाला, सांगली:
ताई, आधी पाणी बंद. माती ओली आणि पानं मलूल, म्हणजे मुळं पाणी ओढेनाशी झालीत. काढून बघाच. वड पावसाळ्यात मुळांची छाटणी सोसतो. जुनिपरसारखं सूचीपर्णी झाड असतं तर मीच थांबवलं असतं. मूळ चिमटीत धरून ओढा. साल मोज्यासारखी निसटून आत नुसता दोरा उरला, तर ते मूळ गेलं. टणक लागलं तर ठेवा. कुजकं सगळं निरोगी भाग लागेपर्यंत कापायचं, कात्री दरवेळी स्पिरिटनं पुसायची. आणि ते पांढरं कापसासारखं असेल, जवळ मुंग्या असतील, तर मुळावरचा पिठ्या ढेकूण. मग जुनी माती सगळी धुऊन काढून फेकायची.

गच्चीवरची:
कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबची बुरशीनाशक पावडर लिटरला 2 ग्रॅम, मुळं बुडवून घ्या. वर लगेच ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी नको हं, मी केलं होतं ते! तीसुद्धा बुरशीच, औषधानं मरते. पैसे पाण्यात.

डोंबिवलीची बाल्कनी:
काढलं. खोडाखाली नर्सरीतल्या लाल मातीचा गोळा तसाच, विटेसारखा घट्ट. बाबांनी सोडवलाच नव्हता. तळाची भोकं मुळांनी बुजलेली. पिठ्या नाही, पांढरे दाणे पर्लाइटचे, म्हणजे मातीत मिसळतात त्या हलक्या खड्यांचे निघाले (हसू नका). जवळजवळ निम्मी मुळं गेली. वीटचुरा आणि जाड वाळू चाळून, धूळ काढून भरली. खत?

कुंडीवाला, सांगली:
नवी पालवी येईपर्यंत अजिबात नाही. सावलीत ठेवा, पावसाचा मारा नको, खोड हलू नये म्हणून कुंडीला तारेनं बांधा. थोड्या फांद्याही कमी करा, उरलेल्या मुळांना तेवढं पोसवणार नाही.

डोंबिवलीची बाल्कनी:
डावीकडची एक पारंबी मातीत शिरली होती, फक्त तिलाच नव्या मुळांची पांढरी टोकं आहेत. दिसायला वाकडी आहे, बाबा नेहमी कापू म्हणायचे.

कुंडीवाला, सांगली:
तिला हात लावू नका.