दोन्ही हात एकदम मारले तर तो बॅकस्ट्रोक नाही?

पाणकावळा: "दोन्ही हात एकदम मागे टाकून बेडूकपायाने उताणं जाणं हा बॅकस्ट्रोकच नव्हे, निवृत्तांची करमणूक आहे," असं वर कुणीतरी ठोकून दिलंय. साहेब, नियम वाचलेत का? पाठीवर राहायचं, अंग 90 अंशांच्या आत कलू द्यायचं. हात आळीपाळीनेच फिरवा असं कुठेही म्हटलेलं नाही. एके काळी दोन्ही हात एकदम हीच रीत होती. 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकला अमेरिकेच्या हॅरी हेब्नरने आळीपाळीने हात मारून 100 मीटरचं सुवर्ण नेलं, तेव्हा भुवया त्याच्याकडे बघून उंचावल्या होत्या!

उलटा मासा: नियमात बसतं म्हणून वेगात बसतं का? दोन्ही हात एकदम हवेत गेले की मागे रेटणारं काही उरत नाही, अंग थबकतं. आळीपाळीत एक हात बाहेर असताना दुसरा कोपरात वाकून पाणी ढकलत असतो. शिवाय अंग कलतं, म्हणून खांद्यावर ताण कमी.

पाणकावळा: खांद्याचं मला सांगू नका. ताठ हाताने खोल ओढ मारायला लावणाऱ्या एका प्रशिक्षकाने माझा खांदा कायमचा दुखावून ठेवलाय. आज पाण्यात उतरतो तो या 'करमणुकी'मुळेच.

उलटा मासा: मग दोष ताठ ओढीचा, आळीपाळीचा नव्हे!

तळ_गाठलेला: भांडा हातांवर. बॅकस्ट्रोक मेला तो पाण्याखालच्या डॉल्फिन किकने, म्हणजे दोन्ही पाय जुळवून शेपटीसारखे मारण्याने. सोल ऑलिम्पिक 1988, 100 मीटर बॅकस्ट्रोक: अमेरिकेचा बर्कॉफ सुरुवातीलाच सुमारे 35 मीटर पाण्याखाली! याला पोहणं म्हणायचं?

उलटा मासा: सुवर्ण जपानच्या सुझुकीला मिळालं. तोही पाण्याखालूनच गेला होता. आणि आता 15 मीटरला डोकं वर काढावंच लागतं.

तळ_गाठलेला: प्रत्येक भिंतीनंतर 15! 25 मीटरच्या तलावात अर्ध्याहून जास्त शर्यत बुडूनच. प्रेक्षकांनी काय बुडबुडे मोजायचे?

उलटा मासा: लाटांखाली विरोध कमी असतो हे भौतिकशास्त्र आहे, कट नव्हे. पोटाचे स्नायू नसलेल्यांनाच ही मर्यादा कमी करून हवी असते.

तळ_गाठलेला: माझ्या पोटावर घसरलात म्हणजे मुद्दे संपले.

पाणकावळा: धागा हातांचा होता, महोदय.

उलटा मासा: बरं बाबा, तुमचाही बॅकस्ट्रोकच. फक्त माझ्या लेनमध्ये मारू नका, दोन्हीकडून हात लागतो.