सिकलसेलचे सॅम्पल गडचिरोलीचे, लॅबमध्ये मात्र तिकडचं कोणीच नाही. जाहिरात कशी लिहू?

लॅबवाली_नागपूर:
नमस्कार, नागपुरातल्या एका रिसर्च लॅबमध्ये सात वर्षांपासून आहे, सध्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम चालू आहे. सॅम्पल येतात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरहून, बरेचसे गोंड-माडिया आदिवासी घरांतले, आणि ट्यूबवर लेबल लावणारे आम्ही सगळे नागपूर शहरातल्या धंतोली, धरमपेठ, प्रतापनगरचे. मागच्या महिन्यात एक आई पोराचा रिपोर्ट घ्यायला आली, वाहक (स्वतःला आजार नाही, पण मुलांत जाऊ शकतो) आणि रुग्ण यातला फरक तिला गोंडीत सांगू शकेल असं पूर्ण बिल्डिंगमध्ये एकच माणूस सापडलं, गेटवरचे काका. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. आता सरांनी तीन जागांची जाहिरात लिहायला माझ्याकडे दिली आहे, जुनीच कॉपी केली तर परत तेच लोक येतील. काय बदलू? आणि नुसतं घेऊन भागत नाही हेही दिसतंय, मागे गडचिरोलीतल्या एटापल्लीकडची एक मुलगी कामाला आली होती, आठ महिन्यांत सोडून गेली, कोणी कारणही विचारलं नाही. मी पण नाही.

पर्लकोटाकाठचा:
ताई मी गडचिरोलीतल्या भामरागडचा, एमएस्सी बायोटेक. जाहिरात निघते वेबसाइटवर, आठ दिवसांनी वॉक-इन मुलाखत, सकाळी दहाला हजर, टीए-डीए नाही. आम्हाला आदल्या दिवशी निघा लागते, नागपुरात मुक्काम कुठे करायचा तो प्रश्न, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. पहिली फेरी फोनवर घ्या. जाहिरात गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांत पाठवा. "दोन वर्षांचा अनुभव" काहून पाहिजे? आमच्या कॉलेजात पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) पुस्तकातल्या फोटोत पाहिलं, हाताने चालवायला आम्ही पंधरा दिवसांत शिकतो. अजून एक, मी एका प्रोजेक्टवर दोन वर्षे गावोगाव फिरलो, संमतीपत्र गोंडीत समजावलं, लोकांनी रक्त दिलं ते माझ्या तोंडाकडे पाहून दिलं. पेपर छापून आला, त्यात आभारातही नाव नव्हतं. फील्डवरच्या पोराला लॅबमध्ये यायची वाट ठेवा, नाहीतर आम्ही जन्मभर सॅम्पलच आणत राहू.

एसएस_आहे_मी:
मला स्वतःला सिकलसेल आहे आणि मी लॅबमध्येच काम करते. थंडीने माझा त्रास उठतो, तरी ४ डिग्रीच्या कोल्ड रूममधली यादी करायचं काम सारखं माझ्याकडे यायचं, सांगितलं तर "सगळेच करतात ना". आत पाणी पिऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे, पण या आजारात सारखं पाणी लागतं, ते प्यायला बाहेर जाताना दर वेळी परवानगी कशाला? २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर उच्च शिक्षणाच्या ५ टक्के राखीव जागांत आपण बसतो, पण सरकारी नोकरीच्या ४ टक्क्यांच्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे शिकायला दार उघडं आणि नोकरीला बंद. म्हणून जाहिरातीतच लिहा की तब्येतीप्रमाणे कामाची अदलाबदल होईल. तेवढं वाचून माझ्यासारखी अर्ज तरी करेल.

माजी_पीआय:
बरीच वर्षं प्रोजेक्ट चालवले, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. ग्रँटची मुदत धावत असते म्हणून पीआय, म्हणजे प्रोजेक्टचा प्रमुख, तयार हात शोधतो, त्यात द्वेष नसतो, पण परिणाम तोच होतो हे मान्य. राष्ट्रीय सिकलसेल मिशन २०२३ मध्ये सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं लक्ष्य आहे. तपासणी मशीन करेल, पण दोघं वाहक असतील तर मुलाला आजार होऊ शकतो हे लग्नाआधी दोन घरांना बसवून समजावणारं माणूस त्यांच्याच भाषेतलं लागतं. तेव्हा ट्रेनिंगचे तीन महिने ग्रँटच्या आराखड्यातच धरा.
आणि पैसे वेळेवर द्या, हे सगळ्यात मोठं. जेआरएफचे (नव्या संशोधकाची फेलोशिप) महिन्याचे ३७,००० कागदावर असतात, हातात कधी चार महिन्यांनी पडतात. घरून पैसे मागवता येतात तो टिकतो, ज्याच्या घरी मागायची सोय नाही तो पहिला जातो. तुमच्या त्या मुलीला एकदा फोन करा.

लॅबवाली_नागपूर:
केला काल तिला फोन. माजी पीआय सर, तुम्ही म्हणालात तेच निघालं, चार महिने पैसे नव्हते, खोलीचं भाडं थकलं, आणि सांगायची लाज वाटली म्हणाली, मला ऐकवत नव्हतं. जाहिरातीतून अनुभवाची अट काढली आहे, पहिली फेरी फोनवर, तब्येतीचं वाक्य टाकलं आहे. पैसे उशिरा आले तर संस्थेने आगाऊ द्यावे असं वेगळं पत्र लिहिलंय, सोमवारी आमच्या लॅबच्या सरांपुढे दोन्ही ठेवते. जाहिरात निघाली की पाठवू का असं तिला विचारलं. पाठवा म्हणाली, आणि लहान बहिणीचाही नंबर दिला, ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे.