पहिलीत येणाऱ्या मुलांची तयारी मोजायची का, आणि मोजलीच तर कुणासाठी?

कृष्णाकाठ
आपल्याकडे दोन टोकं आहेत. कराड-सांगलीच्या बऱ्याच इंग्रजी शाळा केजीच्या प्रवेशालाच मुलाला रंग, एबीसीडी आणि नाव-गाव विचारतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळापूर्व तयारी मेळावा होतो, मूल स्टॉलवरून स्टॉलवर फिरतं, विकासपत्र (मुलाला काय जमतं याची नोंद) भरलं जातं आणि बहुतेक ठिकाणी ते कपाटात जातं. पहिल्या प्रकारात मोजमाप मुलाला बाहेर ठेवायला वापरतात, दुसऱ्यात कशालाच वापरत नाहीत.

माझं म्हणणं, मोजा, पण प्रवेश झाल्यावर. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते, तेव्हा जुलैचा पहिला आठवडा बरा. रडारड थांबलेली असते. वर्गाच्या बाईंनीच एकेका मुलाला 15-20 मिनिटं द्यावीत, दिवसाला चार-पाच मुलांपेक्षा जास्त नाही. बघायच्या गोष्टी चारच: वस्तू मोजून देणं, शब्दातले आवाज पकडणं, सूचना ऐकून स्वतःला आवरणं, चित्राबद्दल दोन-तीन वाक्यं बोलणं. अक्षरओळख मी मुद्दाम वगळली. घरी कुणी पाटी घेऊन बसवलं होतं का, एवढंच ती सांगते.

'शंभरपर्यंत येतात' याला भुलू नका. समोर 10 चिंचोके ठेवा आणि 4 मागा. बरोबर दिले तर 6 मागा, चुकलं तर 2. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल 6 मागितल्यावर मूठभर उचलून देतं, असं सर्रास होतं. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण वस्तू, हे त्याला अजून उमगलेलं नसतं. पहिलीची बेरीज तिथेच अडते.

माणदेशी
दादा, चिंचोके मान्य. पण वय कुठे गेलं तुमच्या यादीत? आपल्याकडे 31 डिसेंबरला सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत बसतं. म्हणजे 15 जूनला एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं एक आणि जवळपास साडेसहाचं दुसरं. चौकोन बघून काढणं साधारण पाचच्या आसपास जमतं, त्रिकोण त्याच्याही पुढे. धाकट्याला त्रिकोण आला नाही म्हणून 'मागे' लिहिलं, तर तुम्ही तयारी मोजली नाही, जन्मतारीख मोजली.

शिवाय कागद झाला की तो फिरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये प्रवेशाच्या वेळी चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्यांदा 25,000 रुपयांपर्यंत दंड, नंतर दर खेपेला 50,000 पर्यंत. ही तरतूद उगाच आलेली नाही. जुलैची यादी ऑगस्टमध्ये 'हुशार रांग' आणि 'कच्ची रांग' होते.

खडूफळा
दोघांच्याही आधी एक अडचण आहे, ती म्हणजे मोजण्याची पद्धत. मेळाव्यात आई मागे उभी राहून कुजबुजते, शेजारचं मूल उत्तर ओरडतं. दुसऱ्या मेळाव्यात तीच कामं पुन्हा येतात, मूल सरावलेलं असतं आणि आपण 'प्रगती' लिहितो. त्यातली किती खरी प्रगती आणि किती ओळखीचा खेळ, हे त्या कागदावरून कळत नाही.

स्वतःला आवरणं बघायचं तर उलटा खेळ घ्या. 'डोकं' म्हटलं की पायाला हात, 'पाय' म्हटलं की डोक्याला. सरावाला चार वेळा, मग दहा वेळा मोजायचं. लगेच बरोबर 2, आधी चुकीकडे जाऊन स्वतःच सावरलं तर 1, चुकलं तर 0. तो 1 फार बोलका असतो, म्हणून नुसतं बरोबर-चूक लिहू नये. आपण बोलताना स्वतःचा हात हलवला की खेळ फुकट, मूल आपलीच नक्कल करतं.

आवाजांसाठी आधी टाळ्या: 'पाटी'ला दोन, 'टमाटा'ला तीन. मग पहिला आवाज. उलट क्रमाने गेलात तर निम्मा वर्ग गप्प बसेल आणि तुम्ही त्यावरून चुकीचा निष्कर्ष काढाल.

आणि गप्प मुलाचे आधी कान-डोळे बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित असतं, त्यांचा शेरा मागवा. मळ किंवा वाहणारा कान 'सूचना पाळत नाही' या रकान्यात जायला नको.

जतकडची ताई
सर, आमच्याकडे घरात कन्नड बोलणारी मुलं आहेत. गायीचं चित्र बघून कन्नडमध्ये नाव सांगितलं तर गुण द्यायचाच. मराठी किती येतं ते वेगळ्या रकान्यात. दोन्ही एकत्र केले की अख्खी वाडी कमकुवत दिसते.

दुसरं, तुम्ही नव्याने मोजताय, पण अंगणवाडीत वजन-उंचीपासून बोलण्यापर्यंतच्या नोंदी असतात. शाळेच्या बाई त्या मागत नाहीत, आम्हीही देत नाही. मे महिन्यात अर्धा तास एकत्र बसलं तरी निम्मं काम होईल. ऊसतोडणीला गेलेल्या घरातली कोणती मुलं सहा महिने अंगणवाडीत नव्हती, हे त्या कागदावर आधीच असतं.

कृष्णाकाठ
ताईंचं सोळा आणे मान्य. माणदेशी, वयाचंही मान्य: वय महिन्यांत लिहू आणि तीन-तीन महिन्यांच्या गटातच तुलना करू.

कागद फिरण्यावर मात्र उपाय आहे. कॅनडात तयार झालेली अर्ली डेव्हलपमेंट इन्स्ट्रुमेंट नावाची प्रश्नावली बघा. 103 प्रश्न, मुलाची परीक्षा नाहीच. काही महिने ओळख झाल्यावर शिक्षक भरतात. निकाल एकेका मुलाचा सांगत नाहीत, वस्तीचा सांगतात. ऑस्ट्रेलियात 2009 पासून दर तीन वर्षांनी देशभर हेच करतात. 2009 मध्ये सर्वांत खालच्या 10 टक्क्यांसाठी जी गुणमर्यादा ठरली, तीच पुढे कायम ठेवली, म्हणून कुठल्या भागात मुलं मागे पडताहेत ते वर्षांच्या अंतराने कळतं. खटाव आणि वाळवा असे तालुके शेजारी ठेवता आले तर अंगणवाडीचा पैसा कुठे हवा, हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

माणदेशी
तालुक्याचं ठीक. पण पाटण-जावळीच्या डोंगरात पहिलीत आठ मुलं असतात. एक मूल म्हणजे साडेबारा टक्के! पावसात दोघं गैरहजर राहिली की शाळा 'सुधारली' किंवा 'घसरली'. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळा एकत्र केल्याशिवाय टक्का काढूच नये, आणि शाळावार यादी तर नकोच नको. शिवाय बाईच मोजणार आणि बाईंचीच शाळा जोखली जाणार असेल, तर गुण कुठे झुकतील ते सांगायला नको.

खडूफळा
म्हणून दोन कागद करा. एक बाईंच्या वहीत, नावासह, तो वर्गाबाहेर जात नाही. दुसरा केंद्रावर, बिननावाचा, वयोगट आणि चार रकाने.

वहीतल्या कागदाचा उपयोग लगेच व्हायला हवा. 4 चिंचोके देता न आलेल्यांना रोज दहा मिनिटं वाटावाटीचे खेळ: खडू वाटणं, ताटं मांडणं, 'प्रत्येकाला एक'. टाळ्या न जमलेल्यांना बडबडगीतं आणि नावांच्या टाळ्या. गट कायमचे नाहीत, दर दोन आठवड्यांनी मोडायचे. पहिलीचे पहिले तीन महिने 'विद्याप्रवेश' या उपक्रमात खेळातून तयारीसाठीच आहेत, त्यामुळे वेगळा तास शोधावा लागत नाही. सप्टेंबरअखेर फक्त अडलेल्यांनाच पुन्हा बघा, चिंचोक्यांऐवजी बांगड्या घेऊन.

माणदेशी
सप्टेंबरनंतर वहीतलं पान फाडणार असाल तर माझा विरोध निम्मा कमी. उरलेला निम्मा केजीच्या इंटरव्ह्यूला आहे, तिथे यातलं काहीच लागू पडत नाही.